पाया कोणी पाहिला?

आपल्याकडे इमारत कोसळली की एक ठराविक विधी पार पाडला जातो. ढिगारा उपसण्याचे काम चालू असतानाच मंत्रिमहोदय येऊन जातात, मृतांच्या वारसांना मदत जाहीर होते, चौकशी समिती नेमली जाते, एखाद्या बिल्डरला आणि फार तर एखाद्या अधिकाऱ्याला अटक होते; आणि पुढील दुर्घटनेपर्यंत सारे शांत होते. मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे ४ एप्रिल २०१३ रोजी, अवघ्या काही महिन्यांत उभारलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली. महाड येथे २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत खाली बसली आणि १६ माणसे दगावली. त्या इमारतीला दहा वर्षेही झालेली नव्हती. विरार येथे २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तेच घडले, १७ माणसे गेली. या दुर्घटनांची तांत्रिक कारणे वेगवेगळी असतील. त्या सर्व पायाच्या दोषामुळेच घडल्या असे प्रतिपादन करण्याचा माझा हेतू नाही. परंतु अशा प्रत्येक प्रसंगी जो प्रश्न सर्वांआधी विचारला जावयास हवा, तो क्वचितच विचारला जातो. तो प्रश्न असा : काँक्रीट ओतण्यापूर्वी आतल्या सळया कोणी पाहिल्या होत्या?

घराचा पाया घालताना आपण सर्वांनीच जाता-येता पाहिलेला असतो. निरखून मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. काळी माती काढून कठीण मुरूम वा खडक लागेपर्यंत खड्डा घेतात. तळाशी साध्या काँक्रीटचा बेड घालतात. त्यावर सळयांची जाळी बांधतात, जाळीतून कॉलमच्या सळया उभ्या करतात, त्यांना ठराविक अंतराने रिंगा घालतात, बाजूंनी सेंट्रिंगच्या फळ्या लावतात आणि मग काँक्रीट ओततात. ओतण्यापूर्वीच्या त्या एक-दोन दिवसांत सारे काही उघडे असते. सळई किती जाडीची आहे, ती किती अंतरावर बांधली आहे, दोन सळयांचा जोड पुरेशा लांबीचा आहे काय, रिंगेची टोके आत वळवली आहेत की नुसतीच टेकवली आहेत, खड्ड्याच्या तळाशी पाणी साचले आहे काय, जाळीखाली कव्हर ब्लॉक ठेवले आहेत की ती बेडवर आडवी पडली आहे, हे सर्व एक टेप, एक नकाशा आणि एक प्रामाणिक माणूस यांच्या साहाय्याने तासाभरात तपासता येते. काँक्रीट पडले की काही तासांतच ते घट्ट होते आणि हे सारे पुढील पन्नास वर्षे माणसाच्या दृष्टीआड जाते.

कव्हर ब्लॉक ही वस्तू ज्यांना क्षुल्लक वाटत असेल त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. काँक्रीटच्या कामासाठी आपल्या देशात जे मानक प्रमाण मानले जाते, ते भारतीय मानक ४५६, पायातील सळईभोवती किमान ५० मिलिमीटर जाडीचे काँक्रीटचे आवरण असावे असे सांगते. जमिनीतील ओल सळईपर्यंत पोचली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि भोवतालचे काँक्रीट आतून फोडतो. सिमेंटचे ते चौकोनी तुकडे जाळीला उचलून धरतात म्हणून हे आवरण मिळते. एका तुकड्याची किंमत काही रुपयांच्या वर नसते. एका कुटुंबाची आयुष्यभराची कमाई अशा काही रुपयांच्या तुकड्यांवर उभी असते, आणि ते तिथे होते की नव्हते हे त्या कुटुंबाला कधीच कळणार नसते.

आता प्रश्न असा की, या उघड्या खड्ड्याच्या काठाशी शासन कधी उभे राहते? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याखालील नियमांप्रमाणे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळते, पुढे जोत्याची तपासणी होते, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र मिळते. जोत्याची तपासणी हे शब्द ऐकून सामान्य माणसाची अशी समजूत होते की, कोणीतरी पाया तपासला. वास्तविक ही तपासणी जोते पूर्ण झाल्यावर होते, म्हणजे पाया भरून, बुजवून, वर मुरूम दाबून झाल्यावर! त्या वेळी तपासले जाते ते रस्त्यापासूनचे अंतर, शेजाऱ्याच्या हद्दीपासूनचे अंतर, आणि इमारतीची लांबी-रुंदी मंजूर नकाशाशी जुळते की नाही एवढेच. शासनाचा टेप जमिनीला समांतर फिरतो, तो जमिनीखाली उतरत नाही. चटईक्षेत्राला बाजारभाव आहे म्हणून त्याचा प्रत्येक चौरस फूट मोजला जातो. सळईला, एकदा ती गाडली गेली की, बाजारभाव उरत नाही. म्हणून ती मोजण्याची निकड कोणास वाटत नाही.

संरचना अभियंत्याचा दाखला लागतो, त्याच्या देखरेखीची हमी घेतली जाते, हे खरे आहे. परंतु हा अभियंता नेमतो कोण आणि त्याचे शुल्क देतो कोण? ज्याने सळई वाचवावयाची, त्यानेच सळई मोजणारा नेमावयाचा, असा हा व्यवहार आहे. त्यातही प्रामाणिक अभियंते आहेत, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु जी व्यवस्था माणसाच्या प्रामाणिकपणावर चालते तिला व्यवस्था म्हणत नाहीत, तिला नशीब म्हणतात.

एक अनुभव सांगतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आम्ही काही प्राध्यापक-शिक्षकांनी मिळून सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. पाच लहान इमारती बांधावयाच्या होत्या. बांधकामातले आम्हा कोणासच काही कळत नव्हते. एका संध्याकाळी सहज साइटवर गेलो असता एक वयस्क फिटर जाळी बांधत बसलेला दिसला. जाळी थेट बेडवर टेकली होती. नुकतेच कोठेतरी वाचले होते म्हणून मी विचारले, "मामा, याच्याखाली ब्लॉक नाही घालायचे?" तो मान वर न करताच म्हणाला, "घालायचे असतात, सर. दोनदा मागितले. ठेकेदार म्हणतो, सकाळी सहाला काँक्रीटची गाडी येणार, आता कुठले ब्लॉक? आम्हाला टनावर मजुरी. आम्ही थांबलो तर आमचाच दिवस बुडतो." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे साइटवर जाऊन उभे राहिलो. गाडी परत पाठवावी लागली, बोलाचाली झाली, एक दिवस वाया गेला, पण ब्लॉक आले. आमच्या अभियंत्याने देखरेखीच्या हमीपत्रावर त्यापूर्वी कित्येक आठवडे सही करून ठेवली होती.

गोष्ट येथे संपली असती तर मी ती अभिमानाने सांगितली असती. परंतु पाचांपैकी दोन इमारतींचा पाया त्या संध्याकाळपूर्वीच भरला गेला होता. त्यांच्या जाळीखाली काय होते, हे आज कोणीही सांगू शकत नाही. मी राहतो ती इमारत त्या दोहोंपैकी एक आहे.

त्या फिटरचे शब्द मला आजही अस्वस्थ करतात, कारण त्यात या प्रश्नाचे सारे अर्थशास्त्र आले आहे. ज्याला ज्ञान आहे त्याला अधिकार नाही. ज्याला अधिकार आहे त्याला नफा हवा आहे. आणि ज्याचे घर आहे त्याला ना ज्ञान, ना अधिकार. अर्थशास्त्रात वस्तूंचे एक वर्गीकरण आहे. काही वस्तूंचा दर्जा विकत घेण्यापूर्वी पाहून कळतो, काहींचा वापरल्यावर कळतो, आणि काहींचा वापरूनही कळत नाही. पाया ही तिसऱ्या प्रकारची वस्तू आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, जेथे विकणाऱ्याला दोष ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो, तेथे चांगल्या मालाला चांगली किंमत मिळत नाही आणि वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. जुनी मोटार निदान चालवून तरी पाहता येते. पाया चालवून पाहण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो भूकंपाच्या हाती असतो. तेव्हा "बाजार दर्जाची काळजी घेईल" हा युक्तिवाद येथे बाजाराच्या स्वतःच्या शास्त्रातही बसत नाही.

यावर असे सांगितले जाते की, २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने, म्हणजे ज्याला आपण 'रेरा' म्हणतो त्याने, ग्राहकाला संरक्षण दिले आहे. त्या कायद्याचे मोल मी नाकारीत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील दोष नजरेस आणला तर तो विकासकाने विनामूल्य दुरुस्त करून द्यावा, अशी तरतूद त्यात आहे. परंतु गंज पाच वर्षांच्या मुदतीचा कायदा वाचून चढत नाही. गृहकर्ज वीस वर्षांचे, घर पन्नास वर्षांचे आणि जबाबदारी पाच वर्षांची, हा हिशेब कोणाच्या सोयीचा आहे हे सांगावयास अर्थशास्त्राचा प्राध्यापक कशाला हवा? शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील वा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना तेथे नोंदणीची सक्तीच नाही. म्हणजे लहान गावातील लहान माणसाचे घर त्या छत्राच्या बाहेरच राहते.

पैशाचा प्रवाह पाहिला तर चित्र अधिकच स्पष्ट होते. महाराष्ट्रातील नमुना करारनाम्याप्रमाणे जोते पूर्ण होताच विकासकाला एकूण किमतीच्या ४५ टक्क्यांपर्यंत रक्कम वसूल करता येते, आणि पुढे स्लॅब पूर्ण होईपर्यंत ७० टक्क्यांपर्यंत. जोते झाले, हप्ता द्या. स्लॅब पडला, हप्ता द्या! बँकही तोच प्रश्न विचारते : काम झाले काय? काम कसे झाले, हा प्रश्न त्या साखळीत कोणीच विचारीत नाही. ग्रामीण घरकुल योजनेतही हप्त्यासाठी टप्प्याटप्प्याची छायाचित्रे काढली जातात. ती बहुधा तयार जोत्याची, तयार भिंतीची असतात. अशा पद्धतीत जो लवकर ओततो त्याला लवकर पैसा मिळतो, आणि जो थांबून तपासतो त्याला व्याजाचा भुर्दंड पडतो. घाई ही येथे माणसाची चूक नाही, ती नफ्याची शिस्त आहे.

"पण मग पुन्हा इन्स्पेक्टर राज येईल!" हा आक्षेप आता अगदी तोंडपाठ झाला आहे. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने लहान घरांना 'कमी जोखमीचे' ठरवून त्यांच्या परवानगीची वाट सोपी केली. परवानगीचे कागद कमी झाले याचे मला दुःख नाही. त्या कागदांवर किती हात ओले होत असत हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु कागद कमी करणे निराळे आणि डोळे मिटणे निराळे. ज्या अमेरिकेचे दाखले आपल्याला उठता-बसता दिले जातात, तेथील बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या निवासी घरांच्या नमुना संहितेत अशी स्पष्ट अट आहे की, चर खोदून, फळ्या लावून, सळया जागेवर बांधून झाल्यावर आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी पायाची तपासणी झालीच पाहिजे. खाजगी मालमत्तेचे सोवळे जपणाऱ्या त्या देशात एका कुटुंबाच्या बैठ्या घरासाठीही हा थांबा आहे. तेथे तो मुक्त बाजाराचा शत्रू ठरत नाही, मग येथेच का ठरावा?

मात्र नुसता थांबा पुरेसा नाही. थांबवणारा कोणाचा माणूस आहे हे निर्णायक असते. याचा धडा तुर्कस्तानने फार मोठी किंमत देऊन दिला आहे. १९९९ च्या भूकंपानंतर तेथे २००१ मध्ये बांधकाम तपासणीचा कायदा झाला. तपासणी खाजगी संस्थांकडे सोपविली गेली, आणि अनेक वर्षे ती संस्था निवडण्याचे काम व्यवहारात बांधकाम करणाऱ्याच्याच हाती राहिले. ही पद्धत बदलून संस्थांची नेमणूक संगणकीय सोडतीने करण्याची सुरुवात २०१९ मध्ये झाली. दरम्यान २०१८ मध्ये शुल्क घेऊन नियमबाह्य इमारतींना अभय देणारी योजनाही आली. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतील प्रत्येक मृत्यू तपासणीच्या दोषामुळे झाला असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्याचा पगार त्याची तपासणी, या तत्त्वावर उभारलेली व्यवस्था आणीबाणीच्या क्षणी काय कामाची असते, हे त्या ढिगाऱ्यांनी दाखविले.

आपण त्याच वाटेने चाललो आहोत. आपल्याकडे गुंठेवारीचा २००१ चा कायदा आहे आणि पुढे २०२१ मध्ये त्याची मुदत २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांसाठी वाढविली गेली. गुंठ्या-दोन गुंठ्यांवर पोटाला चिमटा घेऊन घर बांधणाऱ्या कष्टकऱ्याला कायद्याने आसरा द्यावा, याला माझा विरोध नाही. तो त्याचा हक्कच आहे. परंतु शुल्क भरल्याने जमीन नियमित होते, पाया मजबूत होत नाही. येथे एक गोष्ट आपण स्पष्टपणे मांडली पाहिजे. बांधकाम बेकायदा आहे म्हणून त्याची तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून ते पडते तेव्हा त्याखाली गरीबच सापडतो, हे चक्र तोडावयाचे असेल तर सुरक्षिततेचा प्रश्न मालकीच्या प्रश्नापासून वेगळा काढला पाहिजे. जमिनीचा दावा न्यायालयात वर्षानुवर्षे चालो; सळईचा दावा मात्र खड्ड्यातच, काँक्रीट ओतण्यापूर्वी निकालात निघाला पाहिजे. तपासणीने बांधकामाला वैधता मिळणार नाही, परंतु त्यात राहणाऱ्याला जीवदान मिळेल.

"एवढी माणसे आणणार कोठून?" असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच मातीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींनी झोपलेल्या माणसांना गाडले, सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही अशा बाराशेच्या वर गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांच्या सहभागाने करावयाचे ठरले. त्या कामी 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून उभे करण्यात आले. ज्या बायांना तोपर्यंत ग्रामपंचायतीच्या पायरीवरही कोणी बसू दिले नसते, त्या भूकंपात भिंत का पडते आणि ती पडू नये म्हणून काय करावे लागते हे शिकल्या, आणि घरोघरी समजावून सांगू लागल्या. मराठवाड्याच्या खेड्यांतील स्त्रिया जर हे करू शकल्या, तर तांत्रिक मनुष्यबळ नाही ही सबब शासनाने सांगू नये. राज्यभर तंत्रनिकेतने आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, पदविका घेऊन बेकार बसलेले हजारो तरुण आहेत. उणीव माणसांची नाही, इच्छेची आहे.

तेव्हा मागणी नेमकी काय असावी? पहिली गोष्ट, पाया, जोत्याचा बीम आणि प्रत्येक स्लॅब यांचे काँक्रीट ओतण्यापूर्वी तपासणीसाठी सक्तीचा थांबा कायद्यात आणावा. त्यावरची लेखी नोंद नसेल तर त्या टप्प्याचा हप्ता ग्राहकाने देणे लागू नये आणि बँकेने तो सोडू नये. दुसरी गोष्ट, तपासनीस हा नियोजन प्राधिकरणाने सूचीतून सोडतीने नेमावा. त्याचे मानधन विकास शुल्काबरोबर आधीच जमा केलेल्या निधीतून मिळावे, विकासकाच्या हातून नव्हे. सूचना मिळाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत तो आला नाही तर दुसरा धाडावा आणि विलंबाचा दंड त्याच्याकडून घ्यावा. पण "आला नाही म्हणजे मान्य" अशी पळवाट ठेवू नये. तिसरी गोष्ट, त्या वेळी उपस्थित राहण्याचा हक्क घर घेणाऱ्याला असावा, आणि सळई बांधणाऱ्या फिटरचे म्हणणे नोंदवून घ्यावे. थांब्याच्या त्या दिवसाची मजुरी त्याला मिळालीच पाहिजे, नाहीतर सुरक्षिततेचा खर्च पुन्हा सर्वांत गरीब माणसाच्या पोटातून वसूल होईल. चौथी गोष्ट, सळयांवर टेप ठेवून काढलेली छायाचित्रे आणि तपासनिसाचे नाव साइटवरील फलकावर व प्राधिकरणाच्या कार्यालयात कोणालाही पाहता यावे. लाचखोरीवर उजेडासारखे औषध नाही.

या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही, हे मला ठाऊक आहे. काही तरुण मित्रांना त्या फार किरकोळ वाटतील. घरांच्या प्रश्नावर आपण मोर्चे काढले, ते भाड्यासाठी, पुनर्वसनासाठी, झोपड्या वाचवण्यासाठी, आणि ते काढावयासच हवे होते. परंतु ज्या कामगाराला आपण घराचा हक्क मिळवून दिला, त्याचे ते घर कशावर उभे आहे हे पाहण्यास आपल्यापैकी किती जण खड्ड्याच्या काठाशी गेले? हक्काचे घर पडले तर हक्कही त्याच ढिगाऱ्यात जातो.

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत वॉर्डातल्या, गावातल्या कार्यकर्त्याला एक काम आजही करता येईल. आपल्या भागात कोठे पाया खोदला जात असेल, तर ज्यांचे घर तेथे होणार आहे त्यांना बरोबर घेऊन, काँक्रीटची गाडी येण्यापूर्वी तेथे जावे. नकाशा मागावा, टेप लावावा, जाळीखाली वाकून पाहावे, आणि जाळी बांधणाऱ्या माणसाला आदराने एवढेच विचारावे : "मामा, यात काही राहिले आहे काय?" त्याला उत्तर माहीत असते. आजपर्यंत त्याला कोणी विचारले नव्हते, इतकेच.